सातव्या दरवाज्याआधीची छावणी

१४ फेब्रुवारी १९६५, अमरावती

वऱ्हाडातल्या बिनवावराच्या माझ्या माणसांनो, ज्या भुईसाठी आपण तुरुंगात गेलो तिच्यावर आजही दुसऱ्याचीच गुरं चरत आहेत, आणि आपण मात्र सुटलो म्हणून हारतुरे घेत हिंडतो आहोत.

हे वाक्य सकाळी दाढी करताना सुचलं. चांगलं आहे. ऐकायला घरात फक्त ललिता होती, शाळेच्या वह्या तपासत. पुढं काय, म्हणून तिनं विचारलं. म्हटलं, पुढं सभा. "सभेच्या पुढं?" प्रश्न विचारायला बायकांना व्यासपीठ लागत नाही, ही त्यांची मोठी सोय आहे.

सुटून आलो त्या दिवशी स्टेशनाबाहेर पाय ठेवायला जागा नव्हती. आता दाराची कडी वाजते ती दूधवाल्याची. सत्याग्रह चालू होता तेव्हा मी माणूस होतो. दोन सत्याग्रहांच्या मधल्या काळात मी कोण असतो, हे मला या वयातही कळलेलं नाही. मोर्शीहून एकाचा निरोप आला की संत्र्याचा हंगाम संपू द्या, मग सभा घेऊ. म्हणजे क्रांतीनं संत्र्यांसाठी थांबायचं.

पुढच्या रविवारी धामणखेडला जातो. देवमन आणि डोमाजी तिथलेच. तुरुंगात आम्ही तिघं एका बराकीत होतो.

२१ फेब्रुवारी, धामणखेड

नांदगाव खंडेश्वरपर्यंत एस.टी., पुढं पायी. देवमनच्या अंगणातल्या निंबाखाली बसलो. दुपारी गावात कोणाला काम नाही; कापूस घरात आला, गहू अजून उभा आहे. डोमाजीनं बंडीच्या खिशातून मूठ काढून जमिनीवर उघडली. अर्धे केलेले चिंचोके. तुरुंगातले. सुटताना त्यानं ते जपून आणले होते.

हा खेळ माझा. बराकीत पत्ते काढून घेतले तेव्हा मी तो रचला. फरशीवर कोळशानं मुलूख काढला, नद्या, डोंगर आणि मधोमध सात दरवाज्यांचा गड. गडात भुईगिळ्या दैत्य, ज्यानं सगळ्या मुलखाची भुई गिळून ठेवली आहे. खेळणाऱ्यानं एक माणूस व्हायचं. समोर काय आहे ते मी सांगायचं, तो काय करतो ते त्यानं सांगायचं, आणि जमलं की फसलं ते चिंचोक्यांनी ठरवायचं. पांढरी बाजू जास्त, तर जमलं. खेळाचं नाव मुलूखगिरी. नियम एकच कडक: या मुलखात देव नाही, वर नाही, शाप नाही. बोलणारे कावळे आहेत, चालणारे डोंगर आहेत, पण अडल्यावर वरून हात देणारा कोणी नाही. बौद्ध झाल्यावर सत्तावन्न साली ज्यांनी घरातले देव नदीत सोडले, त्यांना खेळात तरी मी ते परत कसे देऊ?

देवमन यात बिनीचा स्वार आहे. अंगानं उंच, बोलायला कमी, खुशालराव देशमुखाकडं सालदार; वर्षाचा करार करून राबणारा. पण घोड्यावर बसला की, म्हणजे बसतो असं म्हणाला की, त्याचा आवाजच बदलतो. डोमाजी त्याचा चुलता, साठीचा. तो वाटाड्या, कावळ्यांची भाषा जाणणारा.

आज देवमनची बायको जाईबाई म्हणाली, मीही खेळणार. मला आनंद झाला. तिला म्हटलं, राणी हो, तिरंदाज हो, या मुलखात बाईला काहीही होता येतं. ती म्हणाली, "मी लष्करामागून चालनारी रांधनारीन होते." सगळा मुलूख पुढं पसरलेला असताना तिला चूलच दिसली. हजारो वर्षांचं ओझं एका खेळानं उतरत नाही, हेच खरं.

७ मार्च, धामणखेड

सहावा दरवाजा पडला. तीन रविवार झुंजत होतो. दरवाजा म्हणजे एक डोंगरच, जवळ गेलं की सरकणारा. डोमाजीनं कावळ्यांना विचारलं, डोंगर झोपतो कधी? मी म्हटलं, डोंगर झोपत नाही, पण त्याला स्तुती आवडते. तेव्हा त्याची स्तुती करत करत त्याला दरीच्या काठावर नेला आणि देवमननं ढकलला. सगळे चिंचोके पांढरे. कुंपणापलीकडं ऐकत उभी असलेली माणसंसुद्धा ओरडली.

मग भांडण झालं. मुलूखगिरी दसऱ्याला निघते आणि मृगाला थांबते. चार महिने लष्कर छावणीत बसतं. जुन्या बखरी वाचून मी हे खेळात घातलं आहे. ते चार महिने मी एका फेकीत उडवतो: निम्मे पांढरे आले तर लष्कर धड, नाहीतर घोडे रोगानं मेले, आणि पुढं चला. आजही चिंचोके उचलले, तर जाईबाईनं माझ्या मुठीवर हात ठेवला.

"थांबा जी. एका फेकीत चार महिने नाई जात. माहा तं एक दिवस जात नाई."

मी समजावलं की पराक्रमाच्या कथेत पावसाळा सांगत नसतात. जगातल्या कोणत्याही महाकाव्यात वीर पावसाळ्यात काय करत होता ते कवी सांगत नाही.

"मंग त्या गोष्टी रांधनारीनं नाई सांगतल्या," ती म्हणाली. "घोड्याले चारा कोन टाकते? सहा दरवाजे जितले, त्याच्या आतची भुई मोकळी झाली का नाई? ते पेराची कोनं?"

डोमाजी हसत होता. देवमन हसत नव्हता. म्हणाला, मास्तर, आपन छावनी खेलू. मी हात वर केले. आता सातवा दरवाजा कधी येणार कोण जाणे. दैत्य आत बसला आहे, आणि माझं लष्कर चाऱ्याची चौकशी करतं आहे.

२१ मार्च, धामणखेड

दुसरा रविवार छावणीत गेला. इतका रटाळ खेळ मी आयुष्यात खेळलो नाही.

बिनीच्या स्वारानं घोड्याचं खोगीर उतरवून त्याला वखराला जुंपला. मी म्हटलं, हा घोडा लढाईचा आहे, लाथ मारेल. चिंचोके टाकले, घोड्यानं वखर ओढला. जाईबाईची रांधणारीण घरोघर हिंडून कोणाच्या मडक्यात कसलं बी आहे ते विचारत फिरते. प्रत्येक घराला एक फेक. डोमाजीचा वाटाड्या कावळ्यांना विचारतो, कोणत्या घरचा माणूस तोंड बंद ठेवतो आणि कोणत्या घरचा नाही. आणि देवमननं माझ्या नकाशात स्वतःच एक नाला काढला. या मुलखात नाला नाही, म्हटलं. तो म्हणाला, "राहू द्या. भुईगिळ्याचे पायरेकरी नाल्याकून कवा फिरतेत ते सांगा." मी काहीतरी सांगितलं. तो विचारात पडला आणि म्हणाला, नाही, सकाळी नसतील फिरत, सकाळी ते गोठ्यात असतात. माझ्याच दैत्याचे पहारेकरी मला शिकवतो.

खुशालरावाचा कारभारी रस्त्यानं जाताना कुंपणाशी थांबला. बुद्धाचे लोक सत्याग्रह सोडून चिंचोके खेळू लागले, असं काहीसं म्हणून हसत गेला. माझं रक्त तापलं. उठून चार शब्द सुनावणार, तर डोमाजीनं धोतर धरून खाली बसवलं. "हासू द्या त्याले," म्हणाला. "हासते तवरिक बरं हाये."

या माणसांची सहनशक्ती हाच आपल्या चळवळीचा शत्रू आहे. परतताना एस.टी.त मी हेच वाक्य घोळवत होतो.

४ एप्रिल, धामणखेड

परवा पाडवा झाला. सालदारांचं साल पाडव्याला संपतं. धनी विचारतो, सालदार हो म्हणतो, आणि आणखी एक वर्ष जातं. देवमन नाही म्हणून आला. बापाच्या वेळेपासून त्या घरी साल होतं. खुशालराव म्हणे एवढंच म्हणाला की भूक लागल्यावर येशील.

मी देवमनला मिठी मारली. म्हटलं, ही खरी मुलूखगिरी. आता तू मोकळा, माझ्याबरोबर चल, चांदूर बाजार, मोर्शी, अकोला, सगळीकडं तुला उभा करतो. साल मोडलेला सालदार लोकांनी डोळ्यांनी पाहायला हवा. त्यानं मान हलवली. इथंच काम आहे, म्हणाला. कसलं काम, विचारलं तर म्हणे छावणीचं.

खेळाची या लोकांना एवढी गोडी लागेल असं वाटलं नव्हतं.

१८ एप्रिल, धामणखेड

चौदा एप्रिलच्या जयंतीच्या चार सभा केल्या. घसा बसला आहे, मन नाही. अकोल्यात माझ्या आधी जो बोलला त्याला टाळ्या जास्त पडल्या. सगळं भाषण पाठ केलेलं होतं. लोकांना कळत नाही असं नाही. कळून घ्यायचं नसतं.

आज खेळ झाला नाही. डोमाजीनं अंगणातली पोरं हाकलली, कुंपणाचं फाटक ओढलं आणि जे होतं ते सांगितलं. नाल्यापलीकडची सरकारी ई-क्लास जमीन, म्हणजे गुरचराईचं पडीक, जिच्यासाठी आम्ही तुरुंगात गेलो, ती सात घरांनी मिळून पेरायची. तहसीलीतल्या कारकुनानं देवमनला सांगितलं आहे की दिवाळीआधी पाहणी होईल आणि ज्या भूमिहीनाचं पीक उभं दिसेल त्याच्या पट्ट्याचा, म्हणजे जमीन त्याच्या नावावर करण्याचा, विचार होईल. बैल कोणाकडं नाहीत. नाल्याअलीकडचे वामनराव, कुणबी शेतकरी, पोटापुरतं वावर, ते आपली पांढऱ्याशुभ्र बैलांची धवळी जोडी आणि पेरणीची तिफण द्यायला तयार झाले. बदल्यात सात घरच्या बायका त्यांच्या वावरातलं निंदण, म्हणजे तण काढणं, करून देतील. रोहिणी नक्षत्र लागलं की दोन पहाटेत वखरणी आणि लगेच धूळपेरणी, म्हणजे पाण्याची वाट न पाहता कोरड्या मातीतच बी टाकून मोकळं व्हायचं. पाणी आलं की उगवेल. उगवलेलं पीक कोणी उपटलं तर गुन्हा उपटणाऱ्यावर.

सगळं अंगणात बसून ठरलं होतं, माझ्या समोर, माझ्या चिंचोक्यांवर. मी तेव्हा सातव्या दरवाज्याचा विचार करत होतो.

खरं लिहायचं तर मला आनंद झाला नाही. सांगितलं, हे चोरासारखं आहे. आपला हक्क आहे. दोन हजार लोक आणतो, निळे झेंडे, वाजतगाजत नांगर घालू, वर्तमानपत्रात येईल. देवमन खाली मातीकडं पाहत होता.

"येतीन जी दोन हजार मानसं," तो म्हणाला. "नारे देतीन. संध्याकायी आपापल्या गावाले जातीन. मंग आमी अन् खुशालराव, दोघंच राहू. तुमी मोहिमेचे, मास्तर. आमाले छावनी करू द्या."

डोमाजीनं एवढंच मागितलं की रोहिणीपर्यंत कुठं बोलू नका. वामनरावांचं नाव बाहेर आलं तर त्यांची भावकी त्यांना जगू देणार नाही. सोयरीक तोडतील, विहिरीवर भांडतील. "नाव निंगालं का बैल गेले समजा," म्हणाला.

मी शब्द दिला. या जिभेनं आजवर दिलेला शब्द मोडलेला नाही.

२ मे, अमरावती

उन्हानं भिंती तापल्या आहेत. धामणखेडला गेलो नाही. तिथं आता माझं काम नाही, असं कोणी म्हणालं नाही, पण मला कळतं. ते लोक बी निवडत असतील.

ललिताला सांगितलं. ती सगळं ऐकून म्हणाली, मग तुम्ही काय करणार? म्हटलं, गप्प बसणार. तिनं माझ्याकडं असं पाहिलं जसं ती वर्गातल्या एखाद्या पोराकडं पाहत असेल, ज्यानं उद्यापासून रोज अभ्यास करीन म्हटलेलं असतं.

गप्प बसणं हेही काम आहे, पण ते दिसत नाही. कोणी म्हणत नाही, काय सुंदर गप्प बसलात हो.

१६ मे, अमरावती

काल बुद्धजयंती. नांदगाव खंडेश्वरला संध्याकाळी सभा. आयुष्यातल्या चांगल्या भाषणांपैकी एक.

सुरुवात वाईट होती. माझ्या आधीच्या दोघांनी लोक थकवून ठेवले होते. बायका पोरांना घेऊन उठत होत्या. मी तुरुंगाचं सांगितलं, जागेवर कोणी हललं नाही. करुणेचं सांगितलं, मागचे बोलू लागले. मला आतून रिकामं झाल्यासारखं वाटलं. मग ते आपोआप आलं. म्हटलं, भावांनो, तुम्ही समजता लष्कर बसलं आहे. लष्कर बसलेलं नाही, छावणीत आहे. आणि छावणीत काय चाललं आहे ते दैत्याला ठाऊक नाही. याच तालुक्यात एक कुणबी शेतकरी आहे ज्यानं जातीची भिंत लाथाडून आपल्या गोठ्यातली धवळी जोडी आपल्या भावांच्या वखराला द्यायचं कबूल केलं आहे. रोहिणी लागू द्या, मग पाहा माती कोणाच्या हातात आहे ते.

टाळ्या म्हणजे काय टाळ्या. उठलेल्या बायका परत बसल्या. एका म्हाताऱ्यानं पागोटं उडवलं. दुसऱ्या बाजूला उभे असलेले काही कुणबी शेतकरीही ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यांकडं पाहून मी जिंकलो असं वाटलं. एकीचं असं उदाहरण मी गेली कित्येक वर्षं शोधत होतो, ते हाताशी असून पुरून ठेवणं हाच अपराध ठरला असता.

नाव घेतलं नाही. वामनरावांचं नाही, गावाचंही नाही. शब्द पाळला.

डोमाजी पुढच्याच रांगेत होता. जोडीचं वाक्य आलं तेव्हा त्यानं मान खाली घातली आणि धोतराच्या सोग्यानं तोंड झाकलं. डोळे भरून आले असावेत. भाषणानंतर भेटायला थांबला नाही; गर्दी फार होती.

२३ मे, धामणखेड

गेलं. सगळं गेलं.

मी उत्साहात आलो होतो. रोहिणी परवा लागते, पहिल्या वखराला हात लावावा म्हणून. नाल्यावर आलो तर पलीकडची जमीन वखरलेली, सरळ ओळी ओढलेल्या, कडेला बाभळीच्या काट्यांचं नवं कुंपण. खुशालरावानं गुरुवारी पाच जोड्या लावून सगळी धूळपेरणी करून टाकली. कपाशी. पुतण्याच्या नावानं; पुतण्याचा बाप वेगळा झाला आणि वाट्याला काही आलं नाही म्हणून पुतण्या भूमिहीन, असं कारभारी सांगत फिरतो. देशमुखाच्या घरात भूमिहीन जन्मला, हे इतिहासात प्रथमच घडत असावं.

पाचव्या वखराला धवळी जोडी होती. वामनरावांची. सोमवारी त्यांच्या भावकीची बैठक बसली. ते काय बोलले, काय कबूल केलं, कोणी सांगत नाही. गुरुवारी पहाटे त्यांनी स्वतः जोडी हाकत त्या जमिनीत नेली.

देवमनच्या अंगणात बसलो. कोपऱ्यात बियांची गाडगी ओळीनं ठेवलेली, तोंडाला फडकी बांधलेली. जाईबाईनं पाणी दिलं आणि आत गेली. मी म्हटलं, हिंमत सोडू नका, कोणीतरी फोडलं आहे, आपल्यातलाच कोणी, त्याला शोधून काढू. डोमाजीनं माझ्याकडं पाहिलं.

"शोधून काय करान मास्तर?" म्हणाला. "पेरलं त्यानं."

त्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं.

३० मे, अमरावती

झोप नाही. एकच प्रश्न: कोणी सांगितलं? सात घरं, वामनराव आणि मी. वामनराव स्वतःच्या गळ्याला फास लावून घेणार नाहीत. डोमाजी तुरुंगात माझ्याशेजारी निजला आहे. बायका बोलल्या असतील? पण जाईबाईनं बियांसाठी ज्या घरांना विचारलं ती सगळी आपलीच.

चळवळीचा इतिहास वाचला तर प्रत्येक पराभवामागं एक घरचा माणूस सापडतो.

मंगळवारी अमरावतीच्या बाजारात धामणखेडचा एक जण भेटला. म्हणाला, देवमन देशमुखाच्या ओट्यावर बसलेला दिसला. कधी? पेरणीच्या आधी की नंतर? त्याला आठवेना. आधी असेल, नंतर असेल, म्हणाला. मी ते लिहून ठेवतो आहे.

१३ जून, धामणखेड

मृग लागला, पाणी पडलं, नाल्यापलीकडं कपाशीची दोन पानं वर आली. देवमन त्या कपाशीत होता.

पुन्हा सालदार राहिला आहे. पाडव्याला साल मोडून बाहेर पडलेला माणूस मृगात परत. खुशालरावानं त्याला काय काम दिलं, तर त्याच जमिनीची राखण आणि डवरणी, म्हणजे ओळींमधलं तण काढणं. मी कुंपणापाशी उभा राहून हाक मारली. तो आला. कपाळाला माती लागलेली.

मी विचारलं, तू पेरणीच्या आधी त्याच्या ओट्यावर गेला होतास की नाही? तो म्हणाला, नंतर. चूल पेटेना म्हणून नंतर गेलो. साक्षी कोण? तो हसला. या माणसाला मी इतक्या वर्षांत असं हसताना पाहिलं नव्हतं.

"साक्षी? भुईगिळ्याचे कावळे," म्हणाला आणि ओळीत परत गेला.

निर्दोष माणूस अशी थट्टा करत नाही. निर्दोष माणूस चिडतो. देवमन चिडला नाही, डोमाजी चिडला नाही, जाईबाई घरात असून बाहेर आली नाही. सगळ्यांना काहीतरी ठाऊक आहे आणि ते माझ्यापासून लपवलं जात आहे.

चिंचोके मागितले. डोमाजीनं मूठ भरून दिले, सगळे. आता तुम्हालाच राहू द्या, म्हणाला.

२० जून, अमरावती

रविवार. कुठं गेलो नाही. दुपारी फरशीवर खडूनं गड काढला आणि एकट्यानं खेळायला बसलो. स्वार, वाटाड्या, रांधणारीण, तिघांच्या वतीनं मीच बोललो. छावणी एका फेकीत संपवली, पूर्वीसारखी. सातव्या दरवाज्याला पहिलीच फेक, सगळे पांढरे. दरवाजा उघडला.

मग मला सुचेना की आत कोण जाणार. स्वार तर गद्दार ठरला. वाटाड्याचं कावळ्यांशी काय बोलणं होतं मला माहीत नाही. ते डोमाजीच रचायचा. रांधणारीण काय म्हणाली असती, तेही येईना. मी दैत्याचं भाषण रचून ठेवलं होतं, फार जोरदार. ते मोठ्यानं म्हटलं. ललिता आतून आली, दारात थांबून तिनं ऐकलं आणि म्हणाली, आवाज चांगला लागला आहे आज. पदरानं खडू पुसायला वाकली. मी म्हटलं, राहू दे. राहिला नाही, संध्याकाळी फरशी धुतली गेली.

पुढच्या रविवारी नांदगावात कार्यकर्त्यांची बैठक मी बोलावली आहे. विषय एकच.

२६ जून, अमरावती

जाईबाई आली. एकटी, एस.टी.नं. ललितानं आत बोलावलं तरी उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. आमच्या घरी तिनं कधी असं केलं नव्हतं.

उद्याच्या बैठकीत देवमनचं नाव घेऊ नका, असं सांगायला आली होती. म्हणाली, पोटासाठी गेला. लेकराला दूध नाही म्हणून गेला. तुमचं नाव गावात मोठं आहे, तुम्ही बोललात तर लोक ते खरं धरतील.

मी शांतपणे म्हटलं की मग तूच सांग, कोणी फोडलं.

"तुमी सांगतलं," ती म्हणाली. "बुद्धजयंतीले. धवळी जोडी तालुक्यात एकच हाये, मास्तर."

मी म्हटलं, मी नाव घेतलं नाही.

"नाव कायले घ्या लागते? बैल साऱ्यानं पायले हायेत."

इतकं बोलून पदर सावरून गेली. ललिता तिच्या मागं फाटकापर्यंत गेली. दोघी तिथं बराच वेळ उभ्या होत्या. मग ललिता परत आली. ताट वाढलं, पाणी ठेवलं, आणि वह्या घेऊन बसली.

नवऱ्याला वाचवायला बायको काहीही बोलेल. हे स्वाभाविक आहे, मी तिला दोष देत नाही. तिथं हजारो लोक होते. त्यातल्या कोणालाही वामनराव कोण ते ठाऊक असण्याचं कारण नाही. आणि ते कुणबी शेतकरी, जे बाजूला उभे होते, ते टाळ्या वाजवत होते. वाजवत होते का? मला वाटतं वाजवत होते.

२७ जून, सकाळ

पहाटेपासून लिहितो आहे. जाईबाई म्हणाली ते खरं धरलं तर—

हे वाक्य पुरं करायला आज वेळ नाही. एस.टी. गाठायची आहे. चळवळीला उत्तर हवं आहे, आणि उत्तराला माणूस लागतो. माझा माणूस मी ठरवला आहे. बोलायचं ते असं:

भावांनो, बहिणींनो, तुम्ही सात घरं आज रिकाम्या हातानं इथं बसला आहात. तुमचं बी गाडग्यात पडून आहे आणि तुमच्या भुईवर दुसऱ्याची कपाशी गुडघ्याला आली आहे. हा पराभव शत्रूनं केलेला नाही. शत्रूकडं एवढी अक्कल नव्हती. हा पराभव आपल्या अंगणात बसून, आपल्या हातचं पाणी पिऊन, आपलं गुपित ज्यानं देशमुखाच्या ओट्यावर नेऊन ठेवलं त्यानं केला आहे. तो आज त्याच भुईची राखण करतो आहे. याहून मोठा पुरावा कोणी मागू नये.

आपल्याला पाण्यासाठी काय सोसावं लागलं ते मी तुम्हाला सांगायला नको. म्हणूनच पाण्याची किंमत आपल्याइतकी कोणाला माहीत नाही. मी आज तुमच्याकडून एकच गोष्ट मागतो. आजपासून देवमनच्या घरचं पाणी आपल्यातल्या कोणीही पिऊ नये, आणि त्याच्या घरच्या माणसाला कोणी पाणी देऊ नये. ज्यांना मान्य असेल, त्यांनी आत्ता हात वर करा.